कंडेन्सेटची लाईन वर्षात तिसऱ्यांदा फुटली, फीड वॉटरचा पीएच तर बरोबर आहे!

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इचलकरंजीजवळच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये (कापड प्रक्रियेच्या कारखान्यात) युटिलिटी माझ्याकडे आहे. बॉयलर, सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र), कॉम्प्रेसर आणि या सगळ्यांना जोडणारे पाईप. अडचण पाईपची आहे, पण मूळ पाण्यात असावं असा माझा संशय आहे.

सिलिंडर ड्रायरकडून फीड टँकला (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीला) परत येणारी दोन इंची कंडेन्सेट लाईन, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याची. अंदाजे नव्वद मीटर, एमएस (साधं पोलाद), सी क्लास (जाड प्रकार). वर्षभरात ती तिसऱ्यांदा फुटली. गळती नेहमी आट्यांपाशी नाहीतर पाईपच्या पोटाला. या वेळी तुकडा कापून उभा चिरला. वरचा अर्धा भाग जवळपास नवाकोरा आणि तळाला कौलाच्या पन्हळीसारखी लांबच लांब चर. नव्या पाईपची जाडी साडेचार मिलिमीटर असते, चरीत ती दीडवर आली होती.

आमचे आकडे असे. बोअरचं पाणी: पीएच ७.६, हार्डनेस ४२०, अल्कलिनिटी ३८०, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७५० (पीएच सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर). सॉफ्टनरनंतर हार्डनेस ५ च्या खाली. फीड टँकचा पीएच ८.८, तापमान ६० ते ६५. बॉयलरच्या पाण्याचा पीएच ११.९ ते १२.१. बॉयलर चार टनी, साडेदहा किलो दाबाचा. दिवसाला साधारण ६० टन वाफ, त्यातलं निम्मं पाणी कंडेन्सेट म्हणून परत येतं, निम्मं ताजं घालावं लागतं.

केमिकल देणारा म्हणतो पाईप हलका आहे. पाईपवाला म्हणतो केमिकल चुकतंय. काल मालकांनी विचारलं, "पीएच बरोबर आहे म्हणता, मग पाईप कशानं खाल्ला?" मला उत्तर देता आलं नाही. प्रत्येक वेळी लाईन बंद म्हणजे ड्रायर बंद, आणि ड्रायर बंद म्हणजे रात्रपाळीच्या माणसांची हजेरी बुडते. म्हणून मनापासून विचारतोय.

यंत्रशाळा

पीएच कमी पडतोय हे उघड आहे. फीड टँकमध्ये कॉस्टिक सोड्याचा डोस वाढवा, ९.५ पर्यंत न्या. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे.

नळजोड

पाईप फिटिंगची कामं घेतो, पंचवीस वर्षं झाली. तुम्ही वर्णन केलेली चर मी डोळ्यांनी बघितली आहे, एकदा नाही, खूपदा. ऑक्सिजननं खाल्लेला पाईप वेगळा दिसतो. त्यात खड्डे पडतात, देवीच्या व्रणांसारखे, वर तांबूस फोड. तळाला गुळगुळीत चर पडली असेल तर ते आम्लाचं काम. कंडेन्सेट पाईपभर भरून वाहत नाही, तळातून ओघळतं, म्हणून तेवढाच भाग जातो. आटे आधी जातात कारण आटे पाडताना निम्मी जाडी आपणच काढलेली असते.

लाईनला उतार नीट आहे का तेही बघा. पोट पडलेल्या जागी पाणी साचतं आणि तिथं भोक लवकर पडतं. पुढच्या वेळी दोन इंचीला आटे न पाडता सॉकेट वेल्ड करून घ्या. त्यानं आजार जाणार नाही, पण मुदत वाढेल.

जुना_अटेंडंट

यंत्रशाळा, तुमचा सल्ला चांगल्या भावनेनं दिलेला आहे, पण इथं कॉस्टिक घालू नका असं मी कळकळीनं सांगतो. पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट घेऊन मी तीस वर्षं बॉयलरसमोर काढली. धागाकर्त्यांच्या बॉयलरचा पीएच आधीच १२ आहे. असल्या बॉयलरला साधारण १०.५ ते ११.५ पुरतो. अजून कॉस्टिक घातलं तर पाणी फेसाळेल, वाफेबरोबर उडेल आणि गेज ग्लासमधली पातळी नाचायला लागेल.

आणि मुख्य गोष्ट. कॉस्टिक वाफेबरोबर वर जात नाही. ते बॉयलरातच बसतं. ड्रायरवरून परत येणाऱ्या पाण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कंडेन्सेट म्हणजे वाफेचं पाणी, तिथं फक्त तेच पोचतं जे वाफेबरोबर उडतं.

आता उडतं काय ते बघा. तुमच्या पाण्यात ३८० अल्कलिनिटी आहे, म्हणजे बायकार्बोनेट. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि जागी सोडियम देतो, बायकार्बोनेटला हात लावत नाही. ते जसंच्या तसं बॉयलरात जातं. तिथल्या उष्णतेत सोडियम बायकार्बोनेट फुटतं: आधी सोडियम कार्बोनेट होतं, मग त्याचंही कॉस्टिक होतं, आणि दोन्ही वेळा कार्बन डायऑक्साइड सुटतो. कॉस्टिक खाली राहतं, म्हणून बॉयलर १२ वर. वायू वाफेबरोबर ड्रायरपर्यंत जातो, वाफेचं पाणी झालं की त्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून लाईन कुरतडते. बॉयलरचा चढलेला पीएच आणि लाईनमधली चर हे एकाच बायकार्बोनेटचे दोन तुकडे आहेत.

पंचगंगाकाठ

काका, हे वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. चार वर्षं मी त्या १२ कडे "बॉयलर सुरक्षित आहे" म्हणून बघत होतो.

पण एक शंका. कंडेन्सेट आम्ल असेल तर फीड टँकचा पीएच ८.८ कसा? निम्मं पाणी तर तेच आहे.

प्रयोगशाळा_बार्शी

याचं उत्तर नमुना कुठून घेतला यात आहे. फीड टँकला वर व्हेंट असतो. गरम कंडेन्सेट तिथं पडलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा उडून जातो. राहतं ते बायकार्बोनेटवालं मऊ पाणी, आणि गरम करून वायू काढलेलं असं पाणी ८.५ ते ९ दाखवणारच. म्हणजे तुम्ही गुन्हेगार निघून गेल्यावर पंचनामा करताय.

नमुना ट्रॅपच्या (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) लगेच पुढे घ्या. तोही नुसती बाटली लावून नको, कारण गरम पाणी हवेत आलं की भपकन वाफ सुटते आणि तिच्याबरोबर वायूही. पाव इंची तांब्याची किंवा स्टीलची नळी गुंडाळून बादलीभर गार पाण्यात बुडवा, नळीचं तोंड बाटलीच्या तळाशी ठेवा, बाटली दोन-तीनदा भरून वाहू द्या, बूच लावा आणि लगेच मोजा. २५ अंशांच्या आसपास.

मीटरबद्दल चार शब्द, कारण मी रोज हेच बघते. इलेक्ट्रोड डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून ठेवू नका, त्यातले आयन झिरपून जातात. तीन मोलरच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. ७ आणि ४ च्या बफरनं (पीएच ठरलेल्या द्रावणानं) कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर ११ चं रीडिंग घेऊन त्यावर विसंबू नका, बॉयलरच्या पाण्यासाठी ७ आणि १० घ्या. १० चा बफर उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतो, बाटलीत परत ओतू नका. चांगल्या इलेक्ट्रोडचा उतार २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्टच्या जवळ असतो. तो पन्नासवर आला की इलेक्ट्रोड बदला, मीटर बदलायची गरज नाही.

कंडेन्सेट तर जवळपास ऊर्ध्वपातित पाणी. वीजवहन इतकं कमी की आकडा स्थिरावायला वेळ घेतो. घाईत पहिला दिसेल तो लिहू नका. आणि हवेला उघडं ठेवलेलं शुद्ध पाणीसुद्धा हळूहळू ५.६ कडे सरकतं, हे लक्षात असू द्या.

पंचगंगाकाठ

आज दुपारी केलं. शेवटच्या ड्रायरच्या ट्रॅपपाशी तांब्याची नळी, बादलीत बर्फ. पीएच ५.३. दुसऱ्यांदा घेतला, ५.४ च्या आसपास. इतकी वर्षं ज्या पाण्याला आम्ही घरातलं सर्वात शुद्ध पाणी म्हणत होतो ते हे.

साखरपट्टा

वाचतोय, फार चांगला धागा. मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात लॅबमध्ये आहे, आमच्याकडे कंडेन्सेटचं दुखणं वेगळं. इव्हॅपोरेटरच्या (रस आटवण्याच्या संचाच्या) पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट आम्ही बॉयलरला पाठवतो. एखादी नळी फुटली की रस त्यात उतरतो. बॉयलरच्या उष्णतेत साखर फुटून सेंद्रिय आम्लं होतात आणि पीएच पायरी-पायरीनं नाही, कोसळतो. पाण्याला काळसर रंग आणि करपलेल्या पाकाचा वास.

म्हणून गाळप हंगामात आम्ही पीएचवर थांबत नाही. दर तासाला, संशय असेल तर दर पंधरा मिनिटांनी, अल्फा नॅफ्थॉलची परीक्षा. परीक्षानळीत कंडेन्सेट, त्यात अल्फा नॅफ्थॉलचे थेंब, मग कडेनं सावकाश संहत गंधकाम्ल. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं दिसलं की साखर आली. पीएच घसरेपर्यंत साखर बॉयलरात जाऊन बसलेली असते, हे कडं त्याआधी सांगतं.

कडं दिसलं की आधी ते कंडेन्सेट तोडायचं आणि गरम पाण्याच्या टाकीकडे वळवायचं, मग ब्लोडाउन (बॉयलरातलं क्षारांचं पाणी बाहेर सोडणं) वाढवायचं, मग कॉस्टिक. हा क्रम उलटा केलेला मी पाहिलाय. आधी कॉस्टिक ओतत बसले आणि मागून रस येतच राहिला. त्या हंगामात एका बॉयलरच्या नळ्या बदलाव्या लागल्या. ओव्हरटाइम करून कामगारांचं रक्त आटलं.

पंचगंगाकाठ, तुमच्याकडे हीटिंग कॉइलमधून डाय बाथ किंवा कॉस्टिक कंडेन्सेटमध्ये येत नाही ना? परतीच्या लाईनवर कंडक्टिव्हिटी (वीजवहन) मीटर असेल तर लगेच कळेल.

पंचगंगाकाठ

कंडक्टिव्हिटी मोजली, १८ मायक्रोसीमेन्स. म्हणजे बाहेरचं काही येत नाहीये, फक्त वायूच. पण जिगरच्या (कापड रंगवण्याच्या यंत्राच्या) कॉइल्स जुन्या आहेत, तुमची सूचना लिहून ठेवली.

ओमकार_केमिकल_तृतीयवर्ष

मी विद्यार्थी आहे, चुकत असेन तर सांगा. असं वाचलं की वाफेबरोबर उडणारे अमाइन असतात, ते कंडेन्सेटमध्ये जाऊन आम्ल मारतात. तेच का नाही घालायचे?

जुना_अटेंडंट

चुकलेलं नाही बाळा, बरोबर विचारलंस. मॉर्फोलिन आणि सायक्लोहेक्झिलअमाइन ही नेहमीची नावं. मॉर्फोलिन पाण्याकडे जास्त ओढलं जातं, म्हणून बॉयलरजवळच्या पहिल्या कंडेन्सेटमध्येच उतरतं. सायक्लोहेक्झिलअमाइन वाफेत जास्त राहतं आणि लांबवर पोचतं. लांब लाईनीसाठी दोन्ही मिसळून देतात.

पण आधी हिशेब कर. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात धरली, बायकार्बोनेट सगळं आणि त्यातून झालेलं कार्बोनेट ८० टक्के फुटलं तर दर एक भागाला ०.७९ भाग कार्बन डायऑक्साइड सुटतो. यांच्या फीडमध्ये निम्मं कंडेन्सेट, म्हणजे अल्कलिनिटी १९०. गुणाकार केलास तर वायू १५०. हा अंदाज धर, प्रत्यक्षात थोडा कमी-जास्त. एक भाग वायू मारायला सायक्लोहेक्झिलअमाइन सव्वादोन भाग. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. रोजच्या ६० टन वाफेला २० किलो अमाइन! कुठला मालक देईल? आणि का द्यावं? आधी बायकार्बोनेट काढा, मग उरलेल्या चिमूटभर वायूला अमाइन द्या.

दूधगंगा_डेअरी

अमाइनबद्दल माझा एक आग्रह आहे, आणि तो कुणी हलक्यात घेऊ नये. मी एका दूध प्रक्रिया प्रकल्पात युटिलिटी इंजिनीअर आहे. जिथं वाफ थेट अन्नाला लागते तिथं अमाइन जपून. अमेरिकेच्या अन्न-औषध नियमात सायक्लोहेक्झिलअमाइन आणि मॉर्फोलिन यांना वाफेत प्रत्येकी १० पीपीएमची मर्यादा आहे, आणि दूध व दुधाच्या पदार्थांना लागणाऱ्या वाफेत ती वापरायचीच नाहीत. कापडाच्या कारखान्यात हा प्रश्न येत नसेल, पण हा धागा उद्या कुणी खवा-पनीरवाला वाचेल, म्हणून लिहिते.

आम्ही अमाइन घालतच नाही. अल्कलिनिटी आरओनं (मेम्ब्रेनमधून पाणी गाळून) काढली, कंडेन्सेटची लाईन एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची केली. पैसे एकदा गेले. आणि परतीच्या लाईनवर कंडक्टिव्हिटी मीटरला जोडलेला वळवणारा व्हॉल्व्ह आहे, कारण आमच्याकडे सीआयपीचं (यंत्रं न खोलता आतून धुण्याचं) नायट्रिक आणि कॉस्टिक दोन्ही प्लेट हीट एक्स्चेंजरच्या पलीकडेच असतं.

लालमाती

मंडळी, मी रत्नागिरी जिल्ह्यातून. तुमचं दुखणं अल्कलिनिटी जास्त असल्याचं, आमचं ती नसल्याचं. जांभ्यातून येणारं विहिरीचं पाणी, हार्डनेस नावाला, अल्कलिनिटी २०-२५, पीएच ५.८ ते ६.३. चवीला गोड, पाईपला विष. फळप्रक्रियेच्या छोट्या कारखान्यात जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) लाईनीतला जस्ताचा मुलामा दोन पावसाळ्यांत गेला. तांब्याच्या नळ्यांखालच्या बेसिनवर हिरवट-निळे ओघळ.

आम्ही आधी कॉस्टिकचा डोसिंग पंप लावला. बफर नसलेलं पाणी, पंपाचा स्ट्रोक किंचित वाढला की पीएच ६ वरून थेट १० वर. एकदा रात्री पाणी बंद आणि पंप चालू राहिला, सकाळी हात धुणाऱ्या बायकांच्या हातांची आग झाली. तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून डोसिंग पंप पाण्याच्या फ्लो स्विचशी जोडल्याशिवाय मी कुणाला चालू करू देत नाही.

शेवटी कॉस्टिक काढून टाकलं आणि चुनखडीच्या खड्यांचं फिल्टर लावलं. आम्ल पाणी खडा विरघळवतं, पीएच वर जातो, आणि ७.५-८ च्या आसपास पाणी शांत झालं की विरघळणं आपोआप मंदावतं. डोस चुकायची भीतीच नाही. खडे झिजतात, वर्षातून दोनदा भर घालतो. थोडा हार्डनेस वाढतो, म्हणून हे पाणी बॉयलरला देत नाही, धुण्याच्या आणि वापराच्या लाईनीला देतो.

देशावरचं पाणी बेसाल्टातून येतं, बायकार्बोनेटनं भरलेलं. आमचं रिकामं. एकाच राज्यात एकाच पीएचचा एकच उपाय चालणार नाही, म्हणून आमच्याकडचं लिहिलं.

मिशिगनमधून

लालमाती यांच्यावरून आठवलं. मी मिशिगनमध्ये राहते, फ्लिंट शहर इथून दूर नाही. एप्रिल २०१४ मध्ये त्या शहरानं पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं आणि गंज रोखणारं ऑर्थोफॉस्फेट घातलं नाही. शिशाच्या जोडण्यांमधून शिसं घराघरांत उतरलं, मुलांच्या रक्तात सापडलं. हे जगाला माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते हे, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण त्यातल्या क्लोराइडनं इंजिनाचे सुटे भाग गंजत होते. यंत्रांच्या भागांसाठी पाणी बदललं गेलं आणि माणसं पुढचं वर्षभर तेच पाणी पीत राहिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले.

मी इंजिनीअर नाही, शाळेत शिकवते. पण कारखान्याच्या लाईनीत काही कळलं तर ते गावाला कळवा, एवढं म्हणावंसं वाटलं.

शीतमनोरा

कूलिंग टॉवरवाल्यांसाठी थोडं, कारण तिथं उलट होतं. टॉवरमध्ये पाणी हवेत शिंपडलं जातं, कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच स्वतःहून ८.५-९ कडे चढतो. मग लोक पीएच उतरवायला गंधकाम्लाचा पंप लावतात. पंप अडकून चालू राहिला की बायकार्बोनेट संपेपर्यंत आकडा फारसा हलत नाही आणि मग एकदम ३ वर येतो. मी अशा एका सकाळी कंडेन्सरच्या नळ्या तांबूस झालेल्या पाहिल्यात. पंपाला स्वतंत्र हाय-लो कटऑफ आणि टाइमर हवाच. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, कधीही पाणी आम्लात नाही.

आणि क्लोरीन घालत असाल तर पीएच बघून घाला. ७.५ ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. शेवाळ वाढलं म्हणून क्लोरीन वाढवत राहतात, पाईप जातो, शेवाळ राहतं. जास्त पीएचवर चालणाऱ्या टॉवरला ब्रोमीन बरं.

नवीन जीआय टॉवर असेल तर पहिले सहा-आठ आठवडे पीएच ७ ते ८ मध्येच ठेवा. मऊ पाणी आणि चढा पीएच मिळाला की जस्तावर पांढरी पावडर धरते, ती मग कितीही घासा.

पंचगंगाकाठ

आज मालकांसमोर कापलेला पाईप, ५.३ चं रीडिंग आणि काकांचा २० किलोचा हिशेब ठेवला. अर्धा तास बसले. मग म्हणाले, "उपाय काय आणि किती दिवसांत?" दोन पर्याय समोर आहेत. एक आरओ. दुसरा, वीक अ‍ॅसिड कॅटायन रेझिनचा डीअल्कलायझर (अल्कलिनिटी काढणारं यंत्र) आणि त्यानंतर डीगॅसर (सुटलेला वायू काढणारा). कुणी दोन्ही चालवलंय?

जुना_अटेंडंट

तुमच्या पाण्यात हार्डनेस अल्कलिनिटीपेक्षा जास्त आहे, म्हणजे वीक अ‍ॅसिड रेझिन अगदी चपखल बसतं. पाणीही फारसं वाया जात नाही. पण रिजनरेशनला (रेझिन पुन्हा ताजं करायला) आम्ल लागतं. आम्लाची टाकी, भिंत, गॉगल, शॉवर आणि त्या कामाला कायमचा शिकलेला माणूस. तुमच्याकडे तसा माणूस तिन्ही पाळ्यांत असेल तरच त्या वाटेला जा. मी आम्लानं भाजलेला माणूस उचलून नेलेला आहे, म्हणून हे आधी सांगतो.

दूधगंगा_डेअरी

काकांशी सहमत. आरओचं वाईट एवढंच की चौथा हिस्सा पाणी रिजेक्ट म्हणून निघतं. तुमच्याकडे ते फरशी धुण्याला, कोळशावर शिंपडायला जाऊ शकतं, उरलं ते ईटीपीला (सांडपाणी प्रक्रियेला). फायदा ब्लोडाउनमध्ये आहे. तुमच्या फीडचा टीडीएस आत्ता ३७५ पडतो, बॉयलरात ३५०० धरून ठेवायचा म्हटलं तर १२ टक्के पाणी गरम करून गटारात सोडताय. आरओनंतर ते एक-दोन टक्क्यांवर येईल. कोळशाचा हिशेब मालकांना हाच दाखवा, पाईपचा नाही.

आणि आरओचं पाणी एमएस किंवा जीआय लाईनीतून नेऊ नका. सीपीव्हीसी (प्लास्टिक) किंवा एसएस. फीड टँकही एमएसचा असेल तर त्याचा विचार करा.

ओमकार_केमिकल_तृतीयवर्ष

आरओनंतर पीएच कमी का होतो? क्षार तर काढून टाकले.

प्रयोगशाळा_बार्शी

क्षार काढले म्हणूनच. मेम्ब्रेन बायकार्बोनेट अडवतं, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू आहे, तो आरपार जातो. पलीकडे आम्ल तेवढंच आणि त्याला थोपवणारं बायकार्बोनेट विसाव्या हिस्स्यावर. पंचगंगाकाठ यांच्या पाण्याचा माझा हिशेब ६.३ च्या आसपास येतो.

इथं एक गंमत नाही, धोका आहे. हे पाणी सरळ कॉस्टिक घालून ८.३ वर आणलंत तर त्या वायूचं पुन्हा बायकार्बोनेट झालं, आणि ते बॉयलरात जाऊन पुन्हा फुटणार. त्यापेक्षा कॉस्टिक आरओच्या आधी घाला. तुमचं पाणी आधीच मऊ आहे म्हणून हे चालतं, कठीण पाण्यात केलं असतं तर मेम्ब्रेनवर चुना बसला असता. आधी घातलं की वायूचं बायकार्बोनेट होतं आणि मेम्ब्रेन ते अडवतं.

नळजोड

आणि फीड टँक ६० वर ठेवू नका. ८५-९० वर न्या. ६० ला पाण्यात ऑक्सिजन साडेचारच्या वर असतो, ९० ला दीडच्या आसपास. उरलेल्या ऑक्सिजनला सल्फाइट घाला. पंपाची बैठक मात्र तपासून घ्या, गरम पाण्यात फीड पंप टाकीखाली पुरेसा खोल नसेल तर ओढणार नाही.

पंचगंगाकाठ (सहा महिन्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय, कारण ज्यांनी वेळ दिला त्यांना हिशेब देणं माझं काम आहे.

आरओ बसला, सॉफ्टनरनंतर, कॉस्टिकचा छोटा डोस आरओच्या आधी, पंप फ्लो स्विचला जोडलेला (लालमाती, आभार). पाण्याची लाईन सीपीव्हीसी. फीड टँक एसएसचा केला, ८५ अंशांवर. पंपासाठी टाकी दीड मीटर उचलावी लागली, नळजोड दादांनी इशारा दिला नसता तर पहिल्याच दिवशी पंप गेला असता.

पहिल्या आठवड्यात एक धक्का बसला. बॉयलरचा पीएच ९.६ वर आला. इतकी वर्षं बायकार्बोनेट फुकटात कॉस्टिक पुरवत होतं, ते बंद झालं. मग बॉयलरला थोडं कॉस्टिक आणि ट्रायसोडियम फॉस्फेट सुरू केलं. आता १०.८ ते ११.२. यंत्रशाळा, तुमचा कॉस्टिकचा सल्ला आता उपयोगी पडला, जागा तेवढी वेगळी.

अमाइन दिवसाला किलोच्या आत लागतं. ब्लोडाउन दोन टक्क्यांच्या खाली. शेवटच्या ट्रॅपचा पीएच ८.२ ते ८.५.

जुना_अटेंडंट

वाचून समाधान वाटलं. पाईपची जाडी मोजली का? पीएच चांगला दिसतो म्हणून परत फसू नका.

पंचगंगाकाठ

मोजली काका. नवी लाईन टाकताना सगळ्यात जास्त खाल्ल्या जाणाऱ्या जागी, ड्रायरनंतरच्या दुसऱ्या एल्बोपुढे, फ्लँज लावून एक फुटाचा काढता तुकडा ठेवला होता. पाच महिन्यांनी परवा काढला. तळाची जाडी अल्ट्रासॉनिक गेजवर ४.४. आत काळसर, सलग थर आहे, चर नाही. परत बसवला, पुढच्या वेळी दिवाळीच्या बंदमध्ये काढू.

आणि ट्रॅपपाशी बादलीऐवजी आता कायमचा सॅम्पल कूलर आहे. तिन्ही पाळ्यांना रीडिंग वहीत लिहायचं ठरलंय. आज पहाटे चारचं रात्रपाळीच्या मुलानं लिहिलेलं: ८.३, खाली सही.